पैकीच्या पैकी

गणिताच्या बाईंनी बोट टेकवलं आणि डिजिटल फळा पांढराफटक पडला. त्यांनी पुन्हा टेकवलं, या खेपेला जरा जोरात, झोपलेल्या पोराला उठवावं तसं. फळा ढिम्म.

समोरच्या बाकांवर शाळेतले सगळे शिक्षक बसले होते. शाळा सुटलेली, पोटात भूक, मांडीवर तपासायच्या वह्यांचे गठ्ठे. नव्या तंत्रज्ञानाचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा होता. तो सगळ्यांनीच पूर्ण केला, पण पैकीच्या पैकी गुण एकट्या बाईंना. तेव्हा बाकीच्यांना तयार करायचं काम मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेनं, त्यांच्याच गळ्यात घातलं.

खरी गोष्ट अशी, की कोर्स सुनेनं केला होता. बाई वह्या तपासत होत्या आणि शेजारी सून मोबाइलवर टकटक करत होती. "पास होण्यापुरतं कर गं," असं बाईंनी सांगितलंही होतं. पण सून पडली हुशार, अर्धवट काही तिला जमतच नाही.

इतक्या वर्षांत बाईंचं फळ्यावरचं एक गणित चुकलं नव्हतं. निवृत्ती तोंडावर आली असताना त्याच फळ्यापाशी शोभा होणार, या लाजेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आणि लाजेपेक्षाही जास्त त्या दमल्या होत्या.

"वायर निघाली असेल," चित्रकलेचे सर म्हणाले.

"कुठली?"

सरांनी मान उंच करून फळ्यामागं पाहिलं.

"तुम्हीच या ना पुढे. कोर्स केलाय तुम्ही."

"केलाय हो. पण आता नेमकं आठवत नाही."

विज्ञानाच्या बाईंनी पर्समध्ये तोंड घातलं. खेळाच्या सरांना खिडकीबाहेर काहीतरी दिसलं.

बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"मला नाही येत हे," त्या म्हणाल्या. "कोर्स माझ्या सुनेनं केला. हवं तर तिला बोलवा, ती चांगलं शिकवेल."

कोणी हसलं नाही. मोठ्या बाई शेवटच्या बाकावर होत्या. त्यांचं स्वतःचं प्रमाणपत्र ऑफिसात चौकटीत लावलेलं होतं. त्या उठल्या, तशा बाईही उठून उभ्या राहिल्या. बोलणी खायचीच, तर उभ्यानं खाल्लेली बरी.

पण मोठ्या बाई दाराकडे गेल्या. व्हरांड्यात शिपाई नाही ना, ते त्यांनी वाकून पाहिलं. मग दार लावून घेतलं, आतून कडी घातली आणि येऊन पहिल्या बाकावर बसल्या.

"जावई तर म्हणत होते, फार काही अवघड नसतं यात," त्या चष्मा पुसत म्हणाल्या. "बटण कुठंय, ते आधी शोधू या."