संसर्ग आढळला

मानवजातीचा सगळा इतिहास म्हणजे चांगला राखणदार शोधण्याची धडपड आहे. गुहेला धोंडा, किल्ल्याला खंदक, धनावर नाग. हे ऐतिहासिक कार्य माझ्यावर येऊन पडलं, तेव्हा मी ज्याच्या खोक्यावरची ढाल सर्वांत मोठी, तो अँटीव्हायरस उचलला.

नव्या संगणकात राखण्यासारखी एकच गोष्ट होती: बायकोचं पुस्तक. ती साथीच्या रोगांच्या वॉर्डात परिचारिका होती. निवृत्तीनंतर एका बोटाने टाइप करत तिने तिथल्या आठवणी लिहिल्या आणि नाव ठेवलं ‘संसर्ग’. पुस्तक इकडे उतरवून घेतल्यावर जुना संगणक भंगारात गेला. म्हणजे प्रत एकच, आणि ती माझ्या भरवशावर.

“मी भाजी आणते. तोवर ते औषध घालून ठेवा,” ती म्हणाली. “बाकी कशाला हात लावू नका.”

नाही लावला. फक्त भाषा विचारली तेव्हा अभिमानाने मराठी निवडली. ढाल गरगर फिरली, लाल झाली आणि पाटी आली: ‘संसर्ग आढळला. काढून टाकायचा का?’

मुरलेल्या नवऱ्याला प्रश्न वाचायच्या आधी ‘हो’ म्हणायची सवय असते. मी ‘हो’ दाबलं. मग वाचलं.

‘रद्द करा’ कुठेच दिसेना. एक हिरवी पट्टी सावकाश पुढे सरकू लागली. तिला काही घाई नव्हती. मी मेहुण्याला फोन लावला. तो या यंत्रांतच काम करतो.

“भाऊजी, वायर ओढू नका हं!”

मी हातातली वायर सोडली. “पण ते पुस्तक काढतंय रे!”

“ताईला सांगितलंत?”

“मी अजून धडपणे बोलतोय ना तुझ्याशी? म्हणजे नाही सांगितलं.”

“काय नाही सांगितलं?” मागून आवाज आला. ती दारात उभी होती.

“अगं, तुझं पुस्तक... राखणदारानेच...”

पिशवी तिच्या हातातून सुटली. ती खुर्चीत बसली आणि रोग्याची नाडी धरावी तसा माउस धरून पट्टीकडे बघत राहिली. कपाळावरचा घाम मी पुसला, माझाच.

पट्टी भरली. नवी पाटी आली. तिने मोठ्याने वाचली: “संसर्ग काढला. प्रकार: दुसरा अँटीव्हायरस.”

“दुसरा कुठला?” मी म्हणालो.

फोनमध्ये मेहुणा खाकरला. “ताई, तो मी काल घातला होता. फुकट मिळाला. भाऊजी ढाल बघून घेणार, हे माहीत होतं.”

एका म्यानात दोन तलवारी! माझ्या तलवारीने घरात पाऊल टाकताच सासुरवाडीच्या माणसाला हाकललं होतं. मनातून मला ती आवडली.

बायकोने पुस्तक उघडलं. पहिलं पान, मधली पानं, मग शेवटचं. शेवटच्या ओळीवर तिने पडद्याला बोट लावून पाहिलं. मी तिच्या खुर्चीमागे उभा होतो. आता ती काहीतरी बोलणार, निदान माझ्या निवडीबद्दल.

“अहो,” ती म्हणाली, “ते बटाटे गोळा करा तेवढे. एक कपाटाखाली गेलाय.”