शिवप्रियाला दिलेला शब्द

वांगं, मिरची, दोन कांदे. सगळं माझ्या घरून.

स्टँड अप. टर्न. टच द डोअर. अर्थ सांगायचा नाही, करून दाखवायचं.

हायवेवरच्या ट्रकनं खिडक्यांच्या काचा थरथरतात.

पाठाच्या टाचणात मूल्यमापनाचा रकाना कोरा.

अकरा खुर्च्या मंगल कार्यालयातून.

खुर्च्या शिक्षण परिषदेसाठी. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा जमतात, एकजण आदर्श पाठ घेतो, बाकीचे बघतात. यावेळी जळकोटजवळची आमची वस्तीशाळा, आणि मी.

जूनपासून मी तिसरीला इंग्रजी असं शिकवतेय: मी बोलते, मुलं ऐकतात, ऐकून करतात. बोलायची सक्ती नाही. चूक काढायची नाही. शब्द आत मुरला की आपसूक तोंडात येतो. याच वर्गातल्या शिवप्रियाची मराठी अशीच आली. कर्नाटकातल्या आळंदहून आजीकडं राहायला आली तेव्हा तिला फक्त कन्नड यायची. सात महिने वर्गात गप्प, मग एक दिवस थेट भांडायलाच लागली.

"इंग्रजीलाही लागू देत सात महिने," मी तिला म्हणाले होते. "मी तुला उठवून कधीच विचारणार नाही."

पाठ छान चालला. मुलं उड्या मारत होती, दाराला हात लावत होती. शिवप्रिया सगळ्यांत आधी.

मागच्या रांगेतून श्रीमंत सर म्हणाले, "मॅडम, कवायत लई भारी. इंग्रजी कवा हाय? जेवणानंतर?"

हशा झाला. केंद्रप्रमुख गौरीशंकर सरांनी घड्याळ बघितलं. "एखाद्या मुलीला बोलतं करा. म्हणजे नोंद घेता येईल."

ती समोरच होती, हातात वांगं.

"शिवप्रिया, व्हॉट इज धिस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी हसले, पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला.

"बदनेकाई," ती पुटपुटली. कन्नडमध्ये वांगंच.

खुर्च्या हसल्या.

"नो," मी म्हणाले. पाच महिन्यांत या वर्गात मी हा शब्द वापरला नव्हता. "से, ब्रिंजल."

"ब्रिंजल."

"लाउडली."

"ब्रिंजल."

टाळ्या पडल्या. माझ्यासुद्धा. गौरीशंकर सरांनी टाचणाच्या कोऱ्या रकान्यात लिहिलं: प्रतिसाद उत्तम.

तिसऱ्या दिवशी तिची आजी इरम्मा शाळेत आली.

"बाई, पोरगी विंग्रजी बोल्ली म्हनं."

"व्हय, अव्वा."

"मग घरी का बोलंना? कन्नड बी न्हाय, मराठी बी न्हाय. तुमी काय म्हनलाव का तिला?"

"न्हाय. वय असतं असं."

"तुमी म्हनता म्हंजे आसंल." माझ्यासाठी आणलेल्या शेंगाच्या पोळ्या टेबलावर ठेवून ती गेली.

परिषदेच्या आदल्या शनिवारी, मधल्या सुट्टीत, कोणी न विचारता शिवप्रियानं पाण्याची बाटली माझ्यापुढं धरून "वॉटर, मॅडम" म्हटलं होतं.