सासू की आत्या?

नंदिता चोवीस वर्षांची झाली तसा माझ्या जिवाला घोर लागला. तिची आजी चंद्रमती, म्हणजे माझ्या सासूबाई, छातीच्या कॅन्सरने सेहेचाळीसाव्या वर्षी गेल्या. आता म्हणे रक्तावरून आधीच कळतं, दोष वारशाने उतरलाय की नाही. म्हणून मी तंजावरच्या हॉस्पिटलात गेले.

तिथली सल्लागार मुलगी, नित्या, टॅबलेटवर फॉर्म भरत तमिळमध्ये विचारत होती, घरात कॅन्सर कुणाला होता. मी सांगितलं, मामियारना, म्हणजे सासूला. तिने बोट सरकवलं आणि गोड हसून म्हणाली, सासू काही तुमच्या रक्ताची नव्हे, तुम्हाला तपासणी नको. नवऱ्याची करा, मुलीला आलं तर त्यांच्याकडूनच येणार.

ह्यांना रक्त द्यायला न्यायचं म्हणजे रेड्याला देवळात न्यायचं. पुरुषाला कसला आलाय छातीचा कॅन्सर, हेच तीन आठवडे ऐकवत होते. शेवटी मी घरातली कॉफी बंद केली, तेव्हा मुकाट्याने गेले. महिन्याने रिपोर्ट आला, दोष नाही. मी सढळ तूप घालून केसरी शिरा केला आणि नंदिताला पहिला घास भरवून सांगितलं, सुटलीस गं बाई.

मग सासूबाईंचं श्राद्ध आलं. तिरुवैयारूहून माझा भाऊ तुळजाजी आला होता. पानावर बसल्या बसल्या तो म्हणाला, "आत्याला वरण अगदी अप्पांसारखं पातळच लागायचं."

मी वाढायची थांबले. आत्याच की ती! आमच्या अप्पांची सख्खी बहीण, म्हणजे तिच्या रक्तातलं अप्पांकडून माझ्यातही उतरू शकतं. मामाच्या मुलीशी लग्न आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या होत आलंय, तसंच माझंही झालं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिनेच बजावलं होतं, आता आत्या पुरे, अम्मा म्हण. सव्वीस वर्षं, ती गेल्यावरही, मी अम्माच म्हटलं आणि फॉर्म भरताना सासू म्हणून मोकळी झाले. त्या टॅबलेटला अक्कल नाही, कबूल. पण माझी कुठे चरायला गेली होती? काखेत कळसा आणि गावाला वळसा!

सोमवारी नित्यापुढे जाऊन बसले. म्हटलं, "सासू खोड. आत्या लिही."

तिने वंशावळीच्या रेघा चार वेळा पुसल्या, कारण तिच्या फॉर्मात एकच बाई दोन्ही बाजूंना बसेना. मग तिचं हसू मावळलं आणि तिने माझं रक्त घ्यायला लावलं.

दोष माझ्यात निघाला.

घरी येऊन नंदिताला सगळं सांगितलं. केसरीचा भरवलेला तो घास मला आठवत होता आणि तिच्याकडे बघवत नव्हतं. स्वतःची एवढी चीड मला कधी आली नव्हती. तिने उठून चपला घातल्या.

"चल, माझंही रक्त देऊ या," ती म्हणाली. "पण अम्मा, फॉर्म मी भरणार."