यंदाची काकू

आमच्या तिघांच्या सहलीला एकच कायदा आहे. कड्यावरून जो उडी मारणार नाही, तो पुढच्या सहलीपर्यंत काकू. नुसतं नाव नाही, क्रियापदंसुद्धा बदलतात. काकू आली, काकू जेवली, काकू रुसली. कायदा वकिलाने केला, दातांच्या डॉक्टरने मान डोलावली आणि गेल्या वर्षी तो मला लागू झाला. कड्याच्या टोकापर्यंत गेलो आणि आल्या वाटेने खाली उतरलो.

मग वर्षभर वकील माझ्या ऑफिसात यायचा आणि साहेबांसमोर विचारायचा, "आमची काकू जागेवर आहे का?" महिन्याभरात शिपायापर्यंत सगळे तेच बोलायला लागले. मी हसायचो. हसलं नाही की जास्त छळतात, हे शाळेपासून ठाऊक आहे. घरी मात्र वड्याचं तेल वांग्यावर निघायचं. पोरगा सहा वर्षांचा. इंजेक्शनला रडला तेव्हा म्हटलं, "आली रडूबाई. बस गप्प." रोजच म्हणायला लागलो. एकदा तो दारातून ओरडला, "बाबा, मी आले." त्या दिवसापासून बायकोने चार दिवस अबोला धरला. धरू दे म्हटलं.

यंदा मेहुण्याला बरोबर घेतलं. बायकोनेच सुचवलं, "त्याला न्या, तेवढीच सोबत." मेहुणा लाइनमन, दिवसभर विजेच्या खांबांवर. बोलतो कमी आणि सांगितलेलं ऐकतो. मला असाच माणूस हवा होता. माझ्याहून भित्रा कोणीतरी शेजारी असल्याशिवाय माझी उडी होणार नव्हती, आणि तो भित्रा नसेल तर त्याला भित्रा करणं माझ्या हातात होतं.

किनाऱ्यावर चार पॅडलबोर्ड भाड्याने घेतले. उभं राहून वल्हं मारायचं म्हणजे तोल हवा. वकील पहिल्याच लाटेला आडवा झाला आणि समुद्राला नावं ठेवू लागला. धडपडत, एकमेकांना शिव्या देत कडा गाठला. कडा दोन मजली घराएवढा. वकिलाने उडी मारली, मागोमाग डॉक्टरने नाक धरून मारली. वर आम्ही दोघे उरलो.

मी मेहुण्याच्या कानाशी लागलो. "ऐक. खाली पाण्यात हातभरावर खडक आहे. त्या दोघांना जागा माहीत आहे, आपल्याला नाही. मीही मारत नाही. दोघे मागच्या वाटेने उतरू."

त्याने एकदा खाली पाण्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणाल तसं, भाऊजी."

"हो पुढे."

तो वळला, चार पावलं उतरला. त्याची ती पाठ बघितली आणि मला पंख फुटले. डोळे मिटले आणि झोकून दिलं.

वाळूवर आल्यावर दोघांनी त्याला धारेवर धरलं. "लाइनमन ना तू?" वकील म्हणाला. "खांबावर काय आई कडेवर घेऊन चढते?" डॉक्टरने पाण्याची बाटली पुढे केली, "घे काकू, दमली असशील." मेहुण्याने बाटली घेतली आणि तो पाणी प्यायला. माझं नाव त्याने घेतलं नाही. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो.

कपडे बदलायला फळ्यांच्या खोल्या होत्या. पलीकडच्या खोलीतून त्याचा आवाज आला. फोनवर होता.

"ताई, झालं काम. मारली त्यांनी... नाही, मी नाही मारली. मी मारली असती तर ते वरच राहिले असते... अगं, खडकबिडक काही नाही. येताना मी वल्हं मुठीपर्यंत बुडवून बघितलं, तळच लागला नाही... मला काय होतंय? बोलू दे त्यांना. पण आता भाच्याला तसं बोलले तर मला सांग... छे, त्यांना कशाला कळू द्यायचं? राहू दे तेवढा मान."

मी ओला टॉवेल धरून उभा राहिलो. लाज वाटली. बाहेर जाऊन दोन वाक्यं बोललो असतो तर प्रकरण मिटलं असतं. पण त्या दोन वाक्यांनंतर काकू कोण होणार, तेही कळत होतं. आणि मग राग आला. वर्षभर जीव टाकून मागितलेली गोष्ट या लाइनमनने मला भीक म्हणून घातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलाने त्याला आमच्या ग्रुपवर घेतलं. बायको पोराचा डबा भरत होती. पोरगा बूट घालत विचारत होता, मामाने पण उडी मारली का. मी फोन उचलला आणि कोणी काही लिहायच्या आत लिहिलं, "काकू, पोचलीस का कामावर? खांबावरून पडू नकोस गं."

त्याचं उत्तर लगेच आलं.

"पोचले, भाऊजी."