तेरणेत गेलेला मांगूर

वजीरचं शेततळं फुटलं त्या सकाळी तेरमधलं निम्मं गाव त्याच्या रानात आलं. सप्टेंबरात रात्रभर ढगफुटीगत पाऊस झाला होता. बांध खचला आणि तळ्यातले सगळे मासे ओढ्याच्या वाटेनं तेरणा नदीकडे निघाले.

"रोहू होते का कटला?" कुणीतरी विचारलं.

"दोन्ही होते," वजीर म्हणाला.

लोक हळहळले. नदीवर मासे धरणाऱ्या गजराबाईचे दोन्ही लेक वजीरच्या विहिरीत पुरानं आलेला गाळ अंधार पडेस्तोवर उपसत राहिले.

तळ्यात रोहू नव्हता, कटलाही नव्हता. होता तो परदेशी मांगूर, सरकारनं बंदी घातलेला. आधीच्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की वजीरचे रोहू उलटे होऊन तरंगले होते. तेव्हा बाहेरगावच्या एका व्यापाऱ्यानं ही पिल्लं गुपचूप आणून दिली. "चिखलातसुद्धा जगतो, टाकाल ते खातो," तो म्हणाला होता. असलं काहीही खाणारं जनावर आपल्याला नको, असं वजीरची बायको रुकसाना तेव्हाच म्हणाली होती. त्यानं ऐकलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात नदी आटली, नुसते डोह उरले. एका दुपारी गजराबाई डोक्यावर पाटी घेऊन त्याच्या दारात आली. नवरा गेल्यापासून तेरणेत जाळं टाकूनच तिनं घर चालवलं होतं. पाटीत काळाभोर, मिशाळ, हातभर मासा होता, अजून वळवळत होता.

"वजीरभाऊ, तुमाला माशातलं कळतं म्हून आले. ह्यो कोन म्हनायचा? जाळ्यात दुसरं काय गावंना. मरळ न्हाय, वाम न्हाय. काल एकाचं पोट फाडलं तर आत मरळीची पिल्लं."

वजीरनं वाकून निरखल्यासारखं केलं. "असला कधी बघितला न्हाय मावशी. वरच्या धरणातनं आला आसंल."

"आसंल बाबा," ती म्हणाली. तिनं लगेच विश्वास ठेवला.

रुकसाना पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. गजराबाईच्या हातात देत शांतपणे म्हणाली, "मावशी, हा आमच्याच तळ्यातला आहे. मांगूर. पुरात गेले ते हेच."

एवढं बोलून ती आत गेली. गजराबाईनं तांब्या तोंडाला न लावताच खाली ठेवला.

"माजे लेक गाळ काढत व्हते, तवा तरी सांगायचं," ती म्हणाली. "वढ्याच्या तोंडालाच जाळी लावली असती. डोहात जायच्या आत निम्मे तरी धरले असते."

तिचा आवाज चढला नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वजीरला वाटलं. ती पाटी उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपणहून डोहावर गेला. जाळं ओढणाऱ्या सगळ्यांसमोर त्यानं सांगितलं, काय पाळलं होतं आणि काय खोटं बोललो. थोड्या वेळानं एकानं जाळ्याचं एक टोक त्याच्याकडे सरकवलं.

तो उन्हाळाभर वजीर रोज डोहात उतरला. निघालेला मांगूर काठावर खड्डे खणून पुरायचा. एकदा जाळ्यात पिल्लांसकट मरळ आली, तेव्हा गजराबाईनं ती ओंजळीनं परत पाण्यात सोडली. मांगूर मात्र संपता संपेना. वरचा चिखल खरवडला की खालून आणखी निघत.

जूनमध्ये नदीला पाणी आलं आणि डोह एकमेकांना मिळाले. आता जाळं टाकण्यात अर्थ नव्हता.

"सगळे निघाले का?" रुकसानानं घरी विचारलं.

"न्हाय," वजीर म्हणाला. "पाण्याबरोबर खाली गेले असतील."

डोहावरच्या शेवटच्या दिवशी जाळी गुंडाळून सगळे काठावर चहाला बसले होते. वजीर जरा लांबच उभा राहिला. गजराबाईचा थोरला लेक महारुद्र कप घेऊन त्याच्यापर्यंत चालत आला. "घ्या काका," तो म्हणाला. वजीरनं कप घेतला, पण त्याला त्या मुलाच्या तोंडाकडे बघवलं नाही.