आक्काच्या अंगणातली फुगडी

संयोगिताचं दुखणं चारचौघींत सांगण्यासारखं नव्हतं. खळखळून हसली, नाहीतर जोरात शिंकली, की थेंब थेंब लघवी सुटायची. एकेकाळी फुगडीत भल्याभल्या बायांना लोळवणारी ही बाई दोन वर्षं नागपंचमीला गुडघ्यांचं निमित्त सांगून खुर्चीत बसत होती. आणि तिची नणंद आक्का, कागलची, तोंडानं फाटकी, सगळ्यांदेखत विचारायची, "खुर्ची तरी पेलतीया का गं तुला?" हे संयोगिताला फार लागायचं. यंदा आक्काच्याच अंगणात फुगडी घालायची, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पोटाचा भार मूत्राशयावर पडतोय, वजन थोडं उतरलं तरी फरक पडेल. खालचे स्नायू आवळायचा व्यायामही शिकवला. झालं! नवऱ्याला, सयाजीला, घेऊन संयोगिता रोज सकाळी रंकाळा तलावावर फेऱ्या मारू लागली. भाकरी अर्ध्यावर आणली. वजन मात्र वाढलं.

"खाता तरी काय?" डॉक्टरीणबाईंनी दरडावलं.

"काय न्हाय ओ. फिरून झालं की तिथंच कट्ट्यावर म्हशी पिळत्यात, त्यांचं धारोष्ण दूध तेवढं. मोठा गिलास."

"रोज?"

"दूध हाय की ते! खाणं कुठं हाय?"

डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून हसल्या. संयोगितालाही हसू फुटलं आणि तिला तशीच संडासाकडे पळावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून तिचाही गिलास सयाजी पिऊ लागला. बायकोसाठी एवढा त्रास सोसायला तो एका पायावर तयार होता.

पंचमीपर्यंत ब्लाऊज सैल झाले होते. अंगणात आक्कानं "ये की, खुर्चीवाले" म्हणायचा अवकाश, संयोगितानं तिचेच हात धरले आणि अशी गरागरा फिरवली की आक्का धपकन बुडावर आपटली. बाया खो खो हसल्या. संयोगिताही हसली, जुन्या धास्तीनं मध्येच थांबली, अंदाज घेतला. कोरडी! मग मात्र ती पोट धरधरून हसली.

आक्का उठेना. साडीचा घोळ मांड्यांत दाबून ती हळूच म्हणाली, "संयू, बायांना आत घिऊन जा गं." तिचे डोळे भरले होते. संयोगिताला क्षणात उमगलं. एवढी तोंडाळ बाई, आणि तिचंही हेच! दोन वर्षांचा राग कुठल्या कुठं गेला. तिनं कोपऱ्यातली भरलेली घागर उचलली आणि सगळीच्या सगळी आक्काच्या अंगावर ओतली.

"आक्कास्नी चक्कर आली ओ!" ती ओरडली.

बाया धावल्या. आक्का नखशिखांत निथळत होती, पण तिनं एकही शिवी हासडली नाही. भावजयीचा हात धरला, तो घरात जाईपर्यंत सोडला नाही.