घड्याळ्याला नक्की काय हवं होतं

एकशे बारा भाग झाले, तरी त्या माणसाला नक्की काय हवंय हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. कुजबूज सकाळपासून रंगभूषेच्या खोलीतल्या बाकावर जुन्या संहितांचा ढीग उपसत बसली होती आणि लेखकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मनातल्या मनात, अर्थात. मोठ्यानं बोलणं तिच्या कामातच बसत नव्हतं.

तिचं काम कलाकारांना संवादांची आठवण करून देण्याचं. कॅमेऱ्याच्या बाजूला, दिव्यांच्या उजेडाबाहेर उभं राहायचं, हातात कागद धरायचे आणि कुणी अडलं की पुढचा शब्द हळूच सरकवायचा. तिचा आवाज नंतर पुसून टाकत. म्हणून सेटवर तिचं नाव कुजबूज पडलं, आणि आता पगाराच्या दिवशीसुद्धा लोक तिला त्याच नावानं हाक मारत.

मालिका कालप्रवासाची. एका जुन्या इमारतीतली लिफ्ट तळमजल्याच्याही खाली गेली की थेट तीस वर्षं मागं पोचते. नायिका त्या लिफ्टमधून जाते ती आपल्या वडिलांना वाचवायला, इथवर ठीक. पण खलनायक? त्याला सगळे घड्याळ्या म्हणत. हा बाबा दर वेळी त्याच दुपारी, नायिकेच्या वडिलांच्या त्याच घड्याळदुरुस्तीच्या दुकानात उतरतो. चाळिसाव्या भागात ते दुकान पेटवतो. एकाहत्तराव्यात तीच आग स्वतः विझवतो. शहाण्णवाव्यात लहानग्या नायिकेला पळवून नेतो, आणि एकशे चारमध्ये तिला मुकाट्यानं दुकानात आणून सोडतो, वर तिच्या बुटाची नाडीही बांधून देतो. का? पहिल्या लेखकाच्या मते सूड. तो लेखक दुसऱ्या मालिकेवर गेला. दुसऱ्याच्या मते सत्ता. तोही गेला. तिसरा सध्या होता, आणि आधीच्या दोघांनी घालून ठेवलेला घोळ निस्तरणं हे आपलं काम नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

आता ही दुसऱ्याच्या घरची धुणी कुजबुजेनं का धुवावीत, असं कुणीही विचारेल. तर घड्याळ्याचं काम करणारा नट तिचा मामा होता. सेटवर झाडून सगळे त्याला मामाच म्हणत, पण सख्खी भाची ती एकटी. चाळीस वर्षं त्यानं रंगमंच गाजवला होता, आणि तिला या कामात आणलं तेही त्यानंच. आता गेलं वर्षभर त्याचे शब्द निसटायला लागले होते. वाक्याच्या मधोमध तो उभा राही, आणि पुढचं वाक्य कुठं ठेवलंय तेच त्याला सापडत नसे. ती शब्द सरकवी, तो उचले, गाडी पुढं जाई. घरी ती हे कुणाला बोलली नव्हती, आणि त्याच्याशी तर नाहीच.

पण दिग्दर्शकाला डोळे होते. सकाळीच त्यानं तिला बाजूला घेऊन सांगितलं, की आज घड्याळ्या आपलं कारण सांगतो तो प्रसंग आहे, वाहिनीच्या बाई स्वतः बघायला येणार आहेत, एका दमात घ्यायचाय आणि तिनं आज तोंड उघडायचं नाही. मामा अडला तर उद्यापासून दुसरा नट. घड्याळ्या लिफ्टमध्ये शिरेल आणि चाळिशीचा, दंडबिंड असलेला कुणीतरी बाहेर येईल. कालप्रवास आहे, लोकांना काहीही चालतं. दिग्दर्शक वाईट नव्हता, हे सांगताना त्यानं दोनदा चष्मा पुसला. म्हणून तर त्याच्यावर धड चिडताही येईना.

मामाला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याला कळलेलं होतं. आरशासमोर बसून दाढी चिकटवून घेताना तो तिला एवढंच म्हणाला, "तो असा का वागतो ते शोध. कारण कळलं की शब्द मी धरून ठेवतो. कारणच नसेल तर कशाला धरू?"

म्हणून ती आधी लेखकाकडे गेली. तो खुर्चीत रेलून मोबाइल चाळत होता. तिनं विचारलं, आग लावणाराच आग विझवतो तो कशासाठी? लेखक म्हणाला, खलनायक आहे, खलनायक असंच करतात. तिनं बुटाच्या नाडीचं विचारलं. ते मागच्याच्या काळातलं, आपल्याला ठाऊक नाही, म्हणाला. मग त्यानं तिच्या हातात दोन पानं ठेवली. दोन्हीभर घड्याळ्या आपण काळाचे राजे असल्याचं ओरडून सांगत होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. असली पानं मामाच्या डोक्यात पाच मिनिटंसुद्धा टिकली नसती, कुणाच्याच टिकली नसती.

परत येऊन तिनं स्वतःच डोकं लढवायला घेतलं. घड्याळ्या दुकानदाराचा हरवलेला भाऊ असेल? तर बावन्नाव्या भागात तो ठणकावून सांगतो, माझं जगात कुणी नाही. दुकानदाराच्या बायकोवर त्याचा जीव असेल? तर अठ्ठ्याऐंशीव्यात तो तिला जिन्यावरून ढकलतो. तो स्वतःच म्हातारा झालेला दुकानदार असेल? मग स्वतःचंच दुकान जाळून हा उरतो कसा? एक भोक बुजवावं तर शेजारी दोन पडत होती. तिनं कागद जमिनीवर आपटले. ज्या माणसाला तिघांनी मिळून घडवलं, त्याच्या मनात काय चाललंय याची तिघांपैकी एकालाही पडलेली नसावी, याचा तिला भयंकर संताप आला. आणि त्यांचं पाप फेडायचं कुणी, तर सत्तरीच्या म्हाताऱ्यानं.

कागद पुन्हा गोळा करताना तिला काही तरी खटकलं. तिसाव्या भागापासून पुढं प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीला एकच सूचना छापलेली होती. 'घड्याळ्या दारात थांबतो. दुकानभर नजर फिरवतो. बोलत नाही.' पहिल्या लेखकानं लिहिली, दुसऱ्यानं उचलली, तिसऱ्यानं चालू ठेवली. पण सुरुवातीच्या भागांत ती कुठंच नव्हती. तिनं मागं जाऊन बघितलं. बाविसाव्या भागाच्या कागदावर, त्याच जागी, तिनं स्वतः पेन्सिलनं काढलेला एक गोल होता.

मामा जिथं अडे तिथं ती गोल काढायची, म्हणजे दुसऱ्या वेळी आधीच सावध राहता येई. बाविसाव्यातला गोल हा पहिला. त्या दिवशी मामा दुकानाच्या दारात उभा राहिला आणि सगळंच विसरला. ती शब्द सरकवेपर्यंत बराच वेळ गेला. संकलकाला ती शांतता आवडली, त्यानं ती तशीच ठेवली. प्रेक्षकांना त्या नजरेची भीती वाटली म्हणे. मग लेखकांनी ती लिहायलाच घेतली. मामाचा विसर घड्याळ्याचा स्वभाव होऊन बसला होता, आणि सव्वाशे माणसांच्या त्या सेटवर हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

ती कपाळाला हात लावून बसली. कारण आता उरलेलं सगळं आपोआप जागेवर बसत होतं. घड्याळ्या काहीतरी मनात धरून निघतो आणि दारात पोचेपर्यंत ते विसरलेला असतो. लिफ्ट दर खेपेला त्याच्यातलं थोडं काढून घेते. मग तो चिडतो, हाताला येईल ते करतो. पेटवतो. पुढच्या खेपेला वाटतं, हे आपण का केलं, म्हणून विझवतो. पोरीला नेतो, परत आणतो. नाडी बांधतो, कारण नाडी कशी बांधायची एवढं त्याला अजून आठवतं. एकशे बारा भागांत एकही भोक उरलं नाही.

तिला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी तिला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

हे मामाला सांगायचं म्हणजे तिला काय काय ठाऊक आहे तेही सांगणं आलं. ती दोनदा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत फिरली. तिसऱ्यांदा गेली आणि खुर्चीवर न बसता, उभ्या उभ्याच सांगून मोकळी झाली.

मामानं सगळं ऐकून घेतलं. मग चिकटवलेल्या दाढीवरून हात फिरवला.

"हे तुला कुठून सुचलं?"

"कागदांवरून."

"कधीपासून कळलंय तुला?"

"बाविसाव्या भागापासून," ती म्हणाली.

"आणि मला वाटत होतं, मी सगळ्यांना मामा बनवतोय." तो हसला. तिला हसता आलं नाही. मग तो म्हणाला, "जा, लेखकाला सांग. त्यालाच सुचलंय असं वाटू दे. हे मला पाठ करावं लागणार नाही."

लेखकाला ती गोष्ट पटायला चार मिनिटं लागली आणि आपलीच वाटायला पाच. दुपारपर्यंत त्यानं दीड पान लिहून दिलं, आणि खोटं कशाला बोला, बरं लिहिलं. शेवटी घड्याळ्याला आठवतं, की तीस वर्षांपूर्वी त्याच्याकडून एक चूक झाली होती आणि तो नायिकेच्या वडिलांची माफी मागायला निघाला होता. बस, एवढंच. एकशे बारा भागांचा धिंगाणा एका न मागितलेल्या माफीसाठी.

चित्रीकरणाला वाहिनीच्या बाई कॅमेऱ्यामागं मांडलेल्या खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत येऊन बसल्या. कुजबूज नेहमीच्या जागी उजेडाबाहेर उभी राहिली, कागद हातात, ओठ मिटलेले. दिग्दर्शकानं तिच्याकडे बघून पुन्हा एकदा तोंडावर बोट ठेवलं.

मामा दारातून आत आला आणि बोलायला लागला. काय बोलला! शब्दाला शब्द जोडत, न ओरडता, समोरच्या पोरीला एखादी घरातली गोष्ट सांगावी तसं. लिफ्टनं काय काय नेलं ते त्यानं सांगितलं. आधी रस्त्यांची नावं गेली, मग माणसांची. आग का लावली, ते सांगितलं. एक पान संपलं. दिवे सांभाळणारा मान खाली घालून डोळे पुसत होता. कुजबुजेची बोटं कागदावर ओळीओळीनं खाली सरकत होती, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिचा जीव थाऱ्यावर होता.

शेवटची चार वाक्यं उरली आणि मामा थांबला.

तिला वाटलं, मुद्दाम थांबलाय. मग तिनं त्याचा उजवा हात बघितला. अंगठा बोटांवरून फिरत होता, तो अडला की फिरायचा तसा. 'माफी' हा एकच शब्द हवा होता. तो तिच्या जिभेवर होता. ती श्वास घ्यायला लागली आणि दिग्दर्शकाचा हात वर गेला, गप्प. तो खुर्चीत पुढं वाकून भारावून बघत होता. आता बोललं तर सगळं उघडं पडणार, पहिल्या रांगेतल्या बाई ऐकणार, उद्या लिफ्टमधून दुसरा कुणी बाहेर येणार. तिनं ओठ घट्ट मिटले.

मामानं नायिकेवरची नजर काढली आणि दिव्यांपलीकडच्या अंधारात फिरवली.

"बाळ," तो म्हणाला, "मी इथं कशाला आलोय गं?"

हे वाक्य कागदावर नव्हतं. नायिकेचं काम करणारी मुलगी हुशार, तिनं ते आपल्यासाठीच समजून घेतलं. पुढं होऊन तिनं त्याचा हात धरला, त्याला दुकानातल्या स्टुलावर बसवलं, आणि काही न बोलता रडली. दिग्दर्शकानं 'कट' म्हटलं आणि टाळ्या पडल्या. वाहिनीच्या बाई उठून लेखकाचं अभिनंदन करून आल्या. माफीबिफी काही नको, म्हणाल्या, हाच शेवट, आणि पुढचे चाळीस भाग यावरच करा. घड्याळ्याला आठवत नाही, रोज थोडं थोडं आठवत नाही. मामाशिवाय हे दुसरं कोण करणार? नव्या नटाला कळवून टाका, गरज नाही म्हणून.

कुजबूज पाण्याचा पेला घेऊन धावतच गेली. मामा अजून त्या स्टुलावरच बसला होता. तिला इतकं हलकं वाटत होतं, की ती हसतच म्हणाली, काय वाक्य टाकलंस मामा, लेखकाच्या बापालाही सुचलं नसतं. आणि तुझं काम राहिलं, अजून चाळीस भाग.

मामानं पेला दोन्ही हातांनी धरला. पाणी प्याला नाही.

"टाकलं नाही गं," तो म्हणाला. "मी तुला विचारत होतो. आणि तू बोललीच नाहीस."